जूनचा पैसा जूनपर्यंत कुठे ठेवावा?



गेल्या हंगाम सणाची गोष्ट. उपासना आटोपली होती आणि अंगणात भोपळे, तांदूळ, नारळ, कोंबड्या यांचा लिलाव रंगात आला होता. मी पावत्या फाडत बसले होते. तेवढ्यात आपल्या मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका, ज्यांना आपण सगळे सिस्टर म्हणतो, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, वसतिगृहाचे पैसे तुम्ही आता शेअर बाजारात घालणार म्हणे? माझ्या पेन्शनमधले आहेत हो त्यात."

मी म्हटले, "नाही सिस्टर, शेअर बाजारात नाही. सरकारी रोख्यात."

"पण खाते तर शेअर दलालाकडे उघडलेय ना?"

त्यांचे बरोबर होते. खाते ब्रोकरकडेच उघडले आहे. नारळ-भोपळ्यांच्या गर्दीत हे नीट समजावणे मला जमले नाही. हाच प्रश्न नंतर आणखी तिघाचौघांनी विचारला. दान तुमचे आहे, म्हणून ते कुठे ठेवले, का ठेवले आणि कसे ठेवले हे कळण्याचा हक्कही तुमचा आहे. म्हणून हा लेख. यातली माहिती तुमच्या घरच्या पैशालाही उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

आमची जुनी चूक

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या जूनच्या खर्चाचे साडेतीन लाख रुपये आम्ही एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत ठेवले होते. व्याज इतरांपेक्षा अर्धा-पाऊण टक्का जास्त होते. कर्मचारी ओळखीचे होते, शाखा जवळ होती. आम्ही बँकेचा ताळेबंद कधी मागितला नाही. पुढे त्या बँकेवर निर्बंध आले आणि पैसे काढणे थांबले.

आमची ठेव विम्याच्या मर्यादेत होती. ठेव विमा महामंडळ बुडालेल्या बँकेतल्या प्रत्येक ठेवीदाराला व्याज धरून 5 लाखांपर्यंत रक्कम देते. फेब्रुवारी 2020 पूर्वी ही मर्यादा 1 लाख होती. आम्हाला सगळी रक्कम परत मिळाली. एक रुपयाही बुडाला नाही. पण ती जूनमध्ये मिळाली नाही.

वसतिगृहात येणारी आपली बरीच मुले कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची आहेत. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. त्याच आठवड्यात वसतिगृहात धान्य, गाद्या, वह्या तयार असल्या, तर मूल येते. त्या वर्षी आम्ही उसनवारी करून तीन आठवडे उशिरा वसतिगृह उघडले. तोपर्यंत भाताची आवणी सुरू झाली होती आणि मोठी मुले मजुरीला लागली होती. चार मुले परत आलीच नाहीत. त्यातली एक आठवीला जाणार होती, गणितात हुशार. पावसाळ्यात तिच्या घरातले धान्य संपले, बापाने मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली आणि दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर भट्टीवर गेली.

पैसा परत मिळणे आणि वेळेवर परत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला त्या वर्षी कळले. पुणेकरांना तर हे वेगळे सांगायला नको. 1912 पासूनच्या रुपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध घातले आणि सप्टेंबर 2022 मध्ये तिचा परवाना संपला. मधल्या साडेनऊ वर्षांत किती घरांची लग्ने, आजारपणे आणि फिया अडल्या असतील! सगळ्याच सहकारी बँका अशा नसतात. अनेक उत्तम चालल्या आहेत. पण ज्या पैशाला तारीख आहे, तो ठेवताना व्याजाच्या आधी तारखेचा विचार करावा, हा धडा आम्ही घेतला.

हे रोखे म्हणजे काय?

सरकारलाही महिन्याची तोंडमिळवणी करावी लागते. कर काही ठरावीक महिन्यांत जास्त जमा होतो, पगार आणि पेन्शन मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. मधली तूट भरून काढायला केंद्र सरकार थोड्या मुदतीचे कर्ज काढते. त्या कर्जाचा कागद म्हणजे ट्रेझरी बिल, बोलीभाषेत टी-बिल. भारतात ही पद्धत 1917 पासून, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळापासून आहे. आता कागद नसतो, नोंद संगणकावर असते.

आपल्याकडच्या जुन्या मुदती हुंडीची आठवण ज्यांना असेल, त्यांना हे लगेच समजेल. हुंडीवर लिहिलेली रक्कम मुदतीच्या दिवशी मिळायची आणि आधी पैसे हवे असतील तर सावकार थोडे कापून घेऊन ती वटवायचा. टी-बिल तसेच आहे. त्यावर व्याज वेगळे मिळत नाही. 100 रुपयांचा रोखा आपण समजा 97 रुपये 20 पैशांना घेतो आणि मुदत संपली की सरकार पूर्ण 100 रुपये देते. मधले 2 रुपये 80 पैसे ही आपली कमाई.

मुदती तीन आहेत: 91 दिवस, 182 दिवस आणि 364 दिवस. हे आकडे विचित्र वाटतात, पण सातने भागून पाहा. 13 आठवडे, 26 आठवडे, 52 आठवडे. ज्या वारी रोखा मिळतो, त्याच वारी तो फिटतो. कमीत कमी 10,000 रुपयांचा घ्यावा लागतो आणि पुढे 10,000 च्या पटीत.

सुरक्षिततेबद्दल एकच सांगते. राज्यघटनेच्या कलम 292 प्रमाणे केंद्र सरकार भारताच्या संचित निधीच्या हमीवर कर्ज काढते. आपल्या देशात रुपयात पैसे परत मिळण्याची यापेक्षा मोठी हमी नाही. बँक ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो. इथे देणेकरी स्वतः सरकारच असल्यामुळे विम्याचा प्रश्न येत नाही.

शेअर म्हणजे कंपनीतली भागीदारी. कंपनी चालली तर भाव वाढतो, बुडाली तर भागीदारही बुडतो. रोखा म्हणजे दिलेले कर्ज. किती परत मिळणार आणि कोणत्या तारखेला, हे घेतानाच ठरलेले असते. सिस्टर, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे.

मग ब्रोकर कशाला?

उरलेले अर्धे उत्तर असे. टी-बिल विकत घेण्याच्या दोन वाटा सामान्य माणसाला खुल्या आहेत.

पहिली वाट रिझर्व्ह बँकेची. 12 नोव्हेंबर 2021 रोजी 'रिटेल डायरेक्ट' ही योजना सुरू झाली. तिच्या संकेतस्थळावर आपले खाते थेट रिझर्व्ह बँकेत उघडता येते. पॅन कार्ड, आधारसारखा पत्त्याचा पुरावा, बचत खाते, मोबाइल आणि ईमेल एवढे लागते. खाते उघडायला आणि चालवायला फी नाही. 2024 पासून तिचे मोबाइल अॅपही आहे. पण हे खाते व्यक्तीला मिळते, एकट्याला किंवा दोघांना मिळून. आपल्यासारख्या नोंदणीकृत न्यासाला ते उघडता येत नाही.

दुसरी वाट ब्रोकरची. शेअर बाजारांना सामान्य लोकांच्या बोली एकत्र करून रिझर्व्ह बँकेकडे पोचवण्याची परवानगी आहे. राष्ट्रीय शेअर बाजार 2018 पासून हे काम करतो. आपला ब्रोकर आपली बोली बाजाराकडे देतो, बाजार ती रिझर्व्ह बँकेकडे देतो आणि रोखा आपल्या डिमॅट खात्यात येतो. न्यासाच्या नावाने डिमॅट खाते उघडता येते. म्हणून संस्थेने ही वाट घेतली.

दलाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुकादम उभा राहतो, पैसे हातात घेऊन पळणारा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रोखा ब्रोकरच्या तिजोरीत नसतो. डिमॅट खाते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींपैकी एकीत असते आणि रोख्याची नोंद आपल्या नावावर असते. उद्या ब्रोकरने दुकान बंद केले, तरी रोखा आपलाच राहतो आणि दुसऱ्या ब्रोकरकडे हलवता येतो.

तरीही डोळे झाकून बसू नये. 2019 मध्ये कार्वी या मोठ्या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर परवानगीशिवाय तारण ठेवल्याचे सेबीला आढळले होते. त्यानंतर नियम कडक झाले, पण लक्ष आपणच ठेवायचे. डिपॉझिटरीकडून ईमेलवर येणारे विवरण ब्रोकरच्या अॅपशी जुळवून पाहा. आणि ब्रोकरकडे रोकड पडून राहू देऊ नका. रोखा घेण्यापुरते पैसे पाठवा आणि उरलेले परत मागवा.

लिलाव कसा चालतो?

हंगाम सणाचा लिलाव तुम्हाला माहीत आहे. एखाद्या भोपळ्यासाठी डॉक्टर आणि ठेकेदार चढाओढीने बोली वाढवतात आणि आपल्यासारखे मागे उभे राहून गंमत पाहतात. समजा पंचांनी ठरवले की मोठ्यांची बोली संपल्यावर जो सरासरी भाव निघेल, त्या भावाने मागे उभ्या असलेल्यांनाही एकेक भोपळा द्यायचा, तर?

रिझर्व्ह बँकेच्या लिलावात नेमके हेच होते. सर्वसाधारणपणे दर बुधवारी लिलाव असतो. बँका, विमा कंपन्या असे मोठे खरेदीदार भाव लावून बोली देतात. लहान गुंतवणूकदार भाव लावत नाही. तो फक्त रक्कम सांगतो: मला 182 दिवसांचा 50,000 रुपयांचा रोखा हवा. याला अस्पर्धात्मक बोली म्हणतात. मोठ्यांच्या मंजूर झालेल्या बोलींचा जो भारित सरासरी भाव निघतो, त्या भावाने त्याला रोखा मिळतो. बाजाराचा अभ्यास नसला तरी मोठ्या बँकांना मिळतो जवळजवळ तोच भाव आपल्याला मिळतो.

कोणत्या आठवड्यात कोणत्या मुदतीचे किती रोखे निघणार, याचे वेळापत्रक रिझर्व्ह बँक प्रत्येक तिमाहीच्या आधी जाहीर करते.

प्रत्यक्ष काय करायचे?

आम्ही जे केले, ते क्रमाने सांगते. व्यक्तीसाठी यातली पहिली पायरी सोपी आहे.

1. खाते. ब्रोकर सेबीकडे नोंदलेला आहे ना, ते सेबीच्या संकेतस्थळावर पाहा. व्यक्तीला पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि सही एवढ्यावर डिमॅट खाते मिळते. वारसाचे नाव त्याच वेळी लावा. संस्थेला न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, न्यासाचे पॅन, विश्वस्तांची यादी आणि खाते कोण चालवणार याचा ठराव द्यावा लागला. कागद दोनदा परत आले. घाई करून चालत नाही.

2. विभाग शोधणे. ब्रोकरच्या अॅपमध्ये सरकारी रोख्यांचा वेगळा विभाग असतो. काही ब्रोकर ही सोय देतच नाहीत. म्हणून खाते उघडण्याआधी विचारा: टी-बिलच्या लिलावात बोली देता येते का, आणि न्यासाच्या खात्यावरूनही येते का?

3. बोली. त्या आठवड्यात चालू असलेल्या तीन मुदतींपैकी एक निवडा आणि रक्कम भरा. बोली बहुधा लिलावाच्या आदल्या दिवशीच बंद होते, आणि प्रत्येक ब्रोकरची वेळ वेगळी असते. तेव्हा सोमवारीच काम उरकून घ्या. पैसे आधीच ब्रोकरकडच्या खात्यात असावे लागतात. भाव लिलावानंतर ठरत असल्यामुळे थोडी जास्त रक्कम अडवून ठेवली जाते आणि फरक परत मिळतो.

4. रोखा जमा होणे. लिलावानंतर एक-दोन कामाच्या दिवसांत रोखा डिमॅट खात्यात दिसतो. किती भावाने मिळाला, ते लिहून ठेवा. वर्षअखेर हिशेबाला लागते.

5. मुदत संपणे. काही करावे लागत नाही. पूर्ण दर्शनी रक्कम डिमॅट खात्याला जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. म्हणून ते बँक खाते चालू आहे ना, हे मुदतीच्या आधी पाहून घ्या.

रिटेल डायरेक्टवर पायऱ्या साधारण याच आहेत, फक्त मधला ब्रोकर नाही. तिथे दर वेळी बोली देण्याऐवजी ती आपोआप जाण्याची सोयही रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केली. पण ज्या पैशाला खर्चाची तारीख आहे, तो आपोआप पुन्हा गुंतवला जाणार नाही, याची काळजी घ्या.

थोडे गणित

वरचेच उदाहरण घेऊ. हा भाव समजण्यासाठी घेतला आहे, खरा भाव दर आठवड्याला बदलतो.

182 दिवसांचा 2,00,000 रुपयांचा रोखा 97.20 या भावाने मिळाला. आपण दिले 1,94,400 रुपये. मुदतीला मिळाले 2,00,000. कमाई 5,600 रुपये.

वार्षिक दर काढायचा तर कमाईला गुंतवलेल्या रकमेने भागायचे, मग 365 ने गुणून 182 ने भागायचे. उत्तर येते सुमारे 5.78 टक्के. तुलना करताना कमाईला दर्शनी रकमेने भागू नका; खिशातून गेले 1,94,400 आहेत, 2,00,000 नव्हे.

यातून ब्रोकरची फी वजा करा. काही ब्रोकर घेतात, काही घेत नाहीत. लहान रकमेवर फी जास्त वाटते. 10,000 रुपयांवर सहा महिन्यांची कमाई वरच्या भावाने 280 रुपये होते. डिमॅट खात्याचा वार्षिक आकार त्याहून जास्त असेल, तर त्या माणसाने रिटेल डायरेक्टच घ्यावे.

कराबद्दल: व्यक्तीच्या हाती आलेली ही कमाई तिच्या उत्पन्नात मिळवून तिच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. मुदत ठेवीसारखा टीडीएस कापला जात नाही, म्हणून विवरणपत्रात ती आठवणीने स्वतः दाखवावी लागते.

कुठे जपायचे?

मुदतीआधी पैसे लागले तर सरकार ते परत देत नाही. रोखा बाजारात विकावा लागतो. लहान रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेल असे नाही, आणि मिळाले तरी भाव कमी असू शकतो. आजारपणासाठी ठेवलेला पैसा म्हणून यात घालू नका. तो बचत खात्यातच बरा.

दर महिन्याला व्याज हवे असणाऱ्या पेन्शनरांनाही हे सोयीचे नाही. मधे काहीच मिळत नाही, सगळे शेवटी एकदम मिळते.

दर ठरलेला असतो तो त्या एका मुदतीपुरता. पुढच्या वेळी दर खाली गेले असतील, तर कमी मिळेल. एखाद्या चांगल्या बँकेची ठेव याहून जास्त व्याज देत असू शकते. आणि पाच-दहा वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठी हे साधन मुळीच नाही. महागाई त्याला हळूहळू खाईल.

सगळ्यात मोठा धोका मला अॅपमध्येच दिसला. रोख्यांच्या विभागाशेजारीच शेअरचे, फ्युचर्स-ऑप्शन्सचे बटण असते आणि सारखे संदेश येत राहतात. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोकांना तोटा झाल्याचे सेबीच्याच अभ्यासात दिसले. घरातल्या तरुणाच्या हाती खाते देताना हे आधी सांगा.

आणि व्हॉट्सअॅपवर कोणी 'सरकारी रोखे, दुप्पट परतावा' म्हणून दुवा पाठवला, तर तो फसवणुकीचाच आहे असे समजा. सरकार असा परतावा देत नाही. फसवणूक झाली तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर कळवा.

संस्थेने घालून घेतलेले नियम

दुसऱ्याचा पैसा सांभाळताना आपला चांगला हेतू पुरेसा नसतो. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा ती त्याने एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कारण देवापुढे तर सरळ असावेच, पण माणसांपुढेही बोट दाखवायला जागा राहू नये, असे त्याला वाटत होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हा भाग शिकले होते. त्याचा अर्थ मला साडेतीन लाख अडकल्यावर लागला.

महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कलम 35 प्रमाणे लगेच न लागणारा न्यासाचा पैसा शेड्यूल्ड बँका, पोस्टाची बचत बँक, मान्यताप्राप्त सहकारी बँका किंवा सरकारी रोखे यांत ठेवता येतो. प्राप्तिकराच्या नियमांतही धर्मादाय संस्थांसाठी केंद्र सरकारचे रोखे मान्य आहेत. तेव्हा आपण कायद्याबाहेर काही केलेले नाही. त्यावर विश्वस्तांनी आणखी पाच नियम केले:

या खात्यातून केंद्र सरकारचे टी-बिल सोडून दुसरे काहीही घ्यायचे नाही.

प्रत्येक खरेदीला दोन विश्वस्तांची लेखी संमती हवी. अॅपचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल एकाच माणसाकडे ठेवायचा नाही.

खर्चाच्या तारखेच्या आधी किमान एक आठवडा मुदत संपेल असाच रोखा घ्यायचा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला 182 दिवसांचा रोखा जूनच्या पहिल्या आठवड्यात फिटतो. हंगाम सणाचे दान त्यात. नाताळचे दान जानेवारीच्या सुरुवातीला गुंतवले, तर ते जुलैच्या सुरुवातीला मिळते. त्यातून वह्यांचा दुसरा हप्ता आणि रेनकोट.

तीन महिन्यांचा खर्च नेहमी बँकेच्या बचत खात्यात मोकळा ठेवायचा. परदेशातून आलेल्या देणग्यांना वेगळा कायदा आहे, म्हणून त्या या खात्यात आणायच्या नाहीत.

प्रत्येक रोख्याची तारीख, भाव आणि मुदत या त्रैमासिकात छापायची. पुढच्या अंकापासून शेवटच्या पानावर ती तुम्हाला दिसेल.

घरच्या पैशासाठी

तुमच्याकडेही तारखेचा पैसा असतोच. मुलीची इंजिनिअरिंगची फी, घराच्या डागडुजीचा उन्हाळ्यातला खर्च, बदली झाल्यावर द्यायची अनामत. असा पैसा असेल, तर आधी तारीख ठरवा आणि मग मुदत निवडा. पहिल्यांदा 10,000 रुपयांपासून सुरुवात करा. एक फेरी पूर्ण होऊन पैसे परत आलेले पाहा, मग वाढवा. मोबाइल नीट हाताळता येत नसेल आणि घरात भरवशाचे कोणी नसेल, तर चांगल्या बँकेतली, विम्याच्या मर्यादेतली ठेव अजूनही योग्यच आहे. त्यात कमीपणा काही नाही.

हे समजून घ्यायला मदत हवी असेल, तर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर आपले खजिनदार काका आणि मी अर्धा तास बसतो. आम्ही कोणाचे खाते उघडून देत नाही, कोणाचा पासवर्ड विचारत नाही आणि कोणत्याही ब्रोकरचे नाव सुचवत नाही. फक्त समजावतो.

गेल्या रविवारी सिस्टर तिथे आल्या होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारले, "म्हणजे पोरं येतील तेव्हा धान्य असेल?"

मी म्हटले, जूनच्या पहिल्या आठवड्यात पैसे येतील, दुसऱ्या आठवड्यात धान्य भरू. त्यांनी पर्समधून लहान डायरी काढली, जूनच्या पानावर तारीख लिहिली आणि म्हणाल्या, "मी फोन करून विचारणार आहे हं."

त्यांनी जरूर विचारावे. तुम्हीही विचारा. आणि वाड्यांवरून येणाऱ्या मुलांसाठी प्रार्थना करत राहा. ती आठवीची मुलगी आता सोळा वर्षांची आहे. तिची धाकटी बहीण येत्या जूनमध्ये पाचवीसाठी वसतिगृहात येणार आहे. तिच्या नावाचा पलंग ठरला आहे.

ख्रिस्ताच्या सेवेत,
तुमची भगिनी